साध्या वस्तूंचा मोठा संग्राहक : डॉ. दिनकर गंगाधर केळकर



तुमच्यापैकी जे साठीच्या आसपास आहेत, त्यांना बिनाका टूथपेस्ट नक्की आठवत असेल. रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा बिनाका गीतमाला हा कार्यक्रम लागायचा, तीच ही बिनाका. त्या टूथपेस्टच्या खोक्यात बोटाच्या पेराएवढा एखादा प्लास्टिकचा प्राणी मिळायचा. कधी हत्ती, कधी हरीण, कधी आणखी काही. साठ-सत्तरच्या दशकातली लेकरं पेस्ट संपायची वाट बघायची, कारण नवं खोकं आलं की नवा प्राणी. आज हेच प्राणी शोधत फिरणारे संग्राहक देशभर आहेत. प्राणी मूळ खोक्यासकट मिळाला, तर त्यांच्या आनंदाला पारावार राहत नाही.

आता खरं सांगा, तुमच्या घरी असा एखादा प्राणी राहिला आहे का? बहुतेक घरांत नसेल. खोकं त्याच दिवशी चुलीत गेलं आणि प्राणी कधीतरी भंगारवाल्याकडे. कारण आपल्याला वाटतं, असल्या चिल्लर वस्तू कशाला जपायच्या? साच्यातून हजारांनी निघालेलं खेळणं, त्यात काय जपण्यासारखं?

आजचा पाठ ज्यांच्यावर आहे, त्या माणसाने हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच उलटा करून विचारला होता आणि सगळं आयुष्य त्याचं उत्तर देण्यात घालवलं. ते म्हणजे पुण्याचे डॉ. दिनकर गंगाधर केळकर. पाठ पुण्यातल्या माणसाचा असला तरी वाचायचा आहे आपल्या लातूर-नांदेडकडच्या डोळ्यांनी. का, ते पुढे येईलच.

आधी नाव नीट वाचा

पुण्यात शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आहे. आपल्या सहली शनिवारवाडा बघतात, सिंहगड बघतात आणि वेळ उरला तर इथे येतात. पोरांना रांगेत उभं करून आपण सांगतो, हे राजा केळकरांचं संग्रहालय. मुलांना वाटतं, कोणीतरी राजा असणार, म्हणून एवढ्या वस्तू. पुष्कळदा आपल्यालाही वाटतं की राजा ही पदवी असावी.

ते नाव आपल्या हजेरीपटावर लिहितो तसं वाचून बघा. आधी मुलाचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. राजा, दिनकर, केळकर. हे एका मुलाचं पूर्ण नाव आहे. राजा हा दिनकररावांचा एकुलता एक मुलगा. तो सातव्या वर्षी गेला. म्हणजे आपल्याकडे पहिली-दुसरीच्या वर्गात बसतो त्या वयाचं लेकरू. वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या संग्रहाला स्वतःचं नाव दिलं नाही, त्याचं दिलं. हजेरीपटावरून कायमचं पुसलं गेलेलं नाव त्यांनी इमारतीवर लिहिलं.

सहलीत मुलांना एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी ती त्या दालनांतून वेगळ्या पावलांनी चालतील.

कवी आणि दुकानदार

दिनकररावांचा जन्म १० जानेवारी १८९६ चा. मराठी कवितेच्या वाचकांना ते 'अज्ञातवासी' या टोपणनावाने माहीत होते. पोटापाण्यासाठी पुण्यात घरचं चष्म्याचं दुकान होतं. कवी आणि चष्मेवाला, जोडी गमतीची वाटते खरी. पण पुढे त्यांनी जे केलं त्यात दोन्ही कामाला आलं असं म्हणायला हरकत नाही. इतरांच्या नजरेतून सुटलेलं त्यांना दिसायचं.

१९२० च्या सुमारास, म्हणजे पंचविशीच्या आतबाहेर असताना, त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली. त्या काळी वस्तू जमवणारे लोक होते, नाही असं नाही. राजेरजवाड्यांकडे संग्रह होते, सरकारी संग्रहालयं होती. तिथे काय असायचं? शिल्पं, नाणी, ताम्रपट, शस्त्रं, दरबारी चित्रं. थोडक्यात, ज्या वस्तूंना आधीच मान होता त्या.

केळकर वळले ते घरातल्या वस्तूंकडे. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, न्हाणीघर, इथल्या वस्तू. सुपारी कातरायचे अडकित्ते. पानाचे डबे. समया, लामणदिवे आणि हातदिवे. आंघोळीला अंग घासायच्या पितळी वज्र्या. कुलपं, फण्या, दौती. स्वयंपाकाची भांडी. वाद्यं. कोरीव लाकडी दारं. गंजिफा, सोंगट्यांचे पट, बाहुल्या आणि खेळणी.

वज्रीचंच उदाहरण घ्या. टाचेचा मळ काढायची वस्तू ती. तिला खरखरीत पाठ असली की काम भागलं. पण कारागिराने वरच्या अंगाला पक्षी बसवला, प्राणी बसवला, कुठे नक्षी काढली. न्हाणीघरात एक बाई रोज पाच मिनिटं हातात धरणार, एवढाच त्या पक्ष्याचा प्रेक्षक. तरी त्याने तो मन लावून केला. अडकित्त्याचंही तसंच. सुपारी फोडायला दोन पाती आणि एक खिळा पुरे. पण कुणी त्याची जोडप्याची आकृती केली, कुणी घोडा केला. या कारागिरांपैकी कुणाचंही नाव कुठल्या बखरीत नाही. केळकरांच्या संग्रहात मात्र त्यांचा हात दिसतो.

एक हिशेब करून बघा

केळकरांच्या संग्रहातल्या बहुतेक वस्तू अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. आज आपल्याला त्या दीडशे-दोनशे वर्षं जुन्या दिसतात, म्हणून आपण हळूच बोलतो, हात मागे बांधून चालतो. पण केळकरांनी जमवायला सुरुवात केली १९२० च्या आसपास. त्या वेळी एकोणिसावं शतक संपून वीसच वर्षं झाली होती. म्हणजे यातल्या कितीतरी वस्तू त्यांच्या आजीच्या वयाच्या, नाहीतर आईच्या. पुण्यातल्या वाड्यांत त्या पुरातन वस्तू म्हणून कुणी बघत नव्हतं. त्या फक्त जुन्या झाल्या होत्या.

आणि जुनं झालेलं पितळ कुठे जातं, हे आपल्याला ठाऊक आहे. मोडीत. रॉकेलचा कंदील आला, पुढे वीज आली, मग लामणदिवा कशाला? कारखान्यातलं भांडं स्वस्त मिळू लागलं, मग ठोक्याचं जड भांडं कोण घासत बसणार? मोड घालायची आणि नवं घ्यायचं, हाच व्यवहार. तो चुकीचाही नव्हता, घर चालवायचं तर असंच चालतं. पण मोडीत गेलेला दिवा वितळला की परत येत नाही. केळकर त्या वितळण्याच्या आधी पोचत होते. त्यांच्या कामाचं सगळं महत्त्व या वेळ साधण्यात आहे.

आता तोच हिशेब आपल्याला लावा. बिनाकाचे प्राणी साठ-सत्तरच्या दशकातले. म्हणजे त्यांना पन्नास-साठ वर्षं होऊन गेली. केळकरांनी हातात घेतलेल्या काही वस्तू तेव्हा त्यांच्यासाठी जेवढ्या जुन्या होत्या, त्यापेक्षा हे प्लास्टिकचे प्राणी आपल्यासाठी आज जास्त जुने आहेत. आपल्याला तसं वाटत नाही, कारण ते आपल्या बालपणातले आहेत. आपलं बालपण म्हणजे इतिहास, हे मान्य करायला जरा जड जातं, नाही का?

एकट्याचा छंद, दोघांचं काम

या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्या साथीशिवाय हे झालं नसतं, हे कुठल्याही संसारी माणसाला सांगायला नको. मध्यमवर्गीय घर, एक दुकान, आणि मिळकतीचा वाटा जातोय कुठे, तर दुसऱ्यांच्या घरातल्या जुन्या दिव्यांत. दिनकरराव गावोगाव हिंडले, महाराष्ट्राबाहेरही गेले. वस्तू घरी येत राहिल्या. १९६० पर्यंत संग्रह सुमारे १५,००० वस्तूंवर गेला होता. आपल्या घरात पंधराशे वस्तू एका जागी मांडायच्या म्हटल्या तर काय होईल, याचा विचार करा. मग या आकड्याचं वजन कळेल.

मधल्या काळात राजा गेला. मूल गेल्यावर माणसं देवदेव करतात, कुणी खचून जातं, कुणी कामात बुडतं. बाहेरच्याने त्यावर बोलू नये. आपल्याला एवढंच दिसतं, की संग्रह थांबला नाही आणि त्याला त्या मुलाचं नाव लागलं. ज्या घरातलं लेकरू गेलं आहे, त्या घरातली खेळणी कुणी फेकून देऊ शकत नाही, हे आपण गावातही बघितलेलं असतं. एखादा भोवरा, एखादी फुटकी गाडी फळीवर वर्षानुवर्षं तशीच राहते. वस्तू माणसाची जागा घेत नाही. पण माणूस होता याची ती साक्ष देते.

१९६२ मध्ये संग्रहालय उभं राहिलं. आणि १९७५ मध्ये केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे सोपवला. इथे क्षणभर थांबा. पंचावन्न वर्षं खपून जमवलेलं विकलं असतं तर काय किंमत आली असती, हे सांगायला जाणकार लागत नाही. त्यांनी ते दिलं. जमवणारे पुष्कळ असतात. कपाटाला कुलूप लावून बसणारेही पुष्कळ. जमवून सगळ्यांसाठी उघडं करणारा माणूस विरळा. पुढे पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. १७ एप्रिल १९९० रोजी वयाच्या चौऱ्याण्णव्या वर्षी ते गेले.

आज संग्रहात २०,००० च्या वर वस्तू आहेत. त्यातल्या सुमारे २,५०० एका वेळी मांडलेल्या असतात. कोथरूडचा मस्तानी महाल इथे आणून पुन्हा उभा केला आहे, तो सगळ्यांना आठवतो. आपल्या मराठवाड्यातल्या पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी शैलीची चित्रंही इथे आहेत. ही चित्रं दाखवत कथेकरी रामायण-महाभारतातल्या गोष्टी सांगायचे. एका अर्थाने तीही त्या काळची चालती-बोलती शाळाच.

पुणं लांब आहे, तेर जवळ आहे

आता आपल्या भागाकडे येऊ. लातूरहून तेर किती लांब? रेल्वे त्या गावावरूनच जाते. १५ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला, तोवर लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. आपण तेरला जातो ते संत गोरोबाकाकांच्या दर्शनाला. गोरोबा कुंभार होते, माती तुडवणारे. त्याच गावात मातीचं आणखी एक नवल आहे.

तेर म्हणजे प्राचीन तगर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक व्यापारी प्रवासवर्णनात या पेठेचं नाव येतं. इथून कापड भडोच बंदराकडे जायचं. त्या काळातल्या मातीच्या बाहुल्या आणि मूर्ती तेरच्या पांढरीत सापडल्या. इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीशी साम्य असलेली एक मूर्तीसुद्धा तेरची आहे. आणि हे सगळं तेरमध्येच बघायला मिळतं, ते तेरच्याच एका माणसामुळे. रामलिंगप्पा लामतुरे हे त्यांचं नाव. गावाच्या टेकाडांवर, शेतांत निघणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं जमवल्या. आज तिथलं शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. पुण्याला केळकर, तसे आपल्याकडे लामतुरे. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे नाव माहीत आहे, हे एकदा वर्गात विचारून बघा.

तेरच्या बाहुल्यांत आपल्या विषयाचं मूळ आहे. त्यातल्या कितीतरी दुहेरी साच्यात घडवलेल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात दाबायची, मागची दुसऱ्या, मग दोन्ही अर्ध्या जोडायच्या. आतून पोकळ, वजनाला हलकी, आणि एका साच्यातून पाहिजे तितक्या. यातल्या काही पूजेच्या असतील, काही शोभेच्या, काही लेकरांच्या हातातल्या. पण एक गोष्ट पक्की. एकसारख्या वस्तू साच्यातून भराभर काढून बाजारात न्यायची कल्पना प्लास्टिकबरोबर आलेली नाही. आपल्या मातीत ती दोन हजार वर्षांपासून आहे.

आता घरातलं एखादं पोकळ प्लास्टिकचं खेळणं हातात घ्या. बाहुली, बदक, काहीही. कडेने बोट फिरवा. एक बारीक रेघ लागेल, वरपासून खालपर्यंत. तिथे साच्याचे दोन भाग मिळाले होते. तेरच्या बाहुलीच्या कडेलाही दोन अर्ध्यांचा सांधा असतो. दोन हजार वर्षांच्या अंतरावरची ही दोन खेळणी एकाच रेघेने जोडलेली आहेत. इतिहासाचा तास आणि विज्ञानाचा तास इथे एक होतो.

खोकं का जपायचं?

काही पालक विचारतील, खेळणं जपलं तर समजू शकतो, रिकाम्या खोक्याचं एवढं काय? हौशी संग्राहक मूळ वेष्टनासाठी जास्त पैसे मोजतात, हे तर आहेच. पण आपण पैशांचा विचार बाजूला ठेवू.

केळकरांच्या संग्रहातला दिवा सुंदर आहे, पण तो कुठल्या घरात लागायचा, कुणी रोज वात सारायची, हे दिवा स्वतः सांगत नाही. कुणी लिहून ठेवलं तरच कळतं. प्लास्टिकच्या खेळण्याचं तर याहून अवघड. सुट्टं खेळणं हे मुकं लेकरू. त्याला स्वतःचं गाव सांगता येत नाही. खोक्यावर मात्र सगळं छापलेलं असतं : बनवणाऱ्याचं नाव, शहर, किंमत, कुठल्या भाषेत काय लिहिलं आहे, चित्रातलं मूल कसं दिसतं, मुलीच्या हातात काय दिलं आहे आणि मुलाच्या हातात काय. त्या एका कागदी खोक्यावरून त्या काळचा समाजशास्त्राचा अख्खा पाठ शिकवता येतो. आणि पहिल्या दिवशी आपण तेच फेकतो.

शिवाय आपल्याकडची बरीच खेळणी खोक्याशिवायच येतात. लातूरची सिद्धेश्वराची यात्रा घ्या, नाहीतर नांदेड जिल्ह्यातली माळेगावच्या खंडोबाची. पिपाण्या, काळे चष्मे, न चालणारी घड्याळं, भिंगऱ्या, सगळं काठीला किंवा पाटीवर मांडलेलं. त्या खेळण्यांचं खोकं कोण? तुम्ही आणि मी. कुठल्या वर्षी, कुठल्या यात्रेत, किती रुपयांना, कुणी घेऊन दिलं, हे आपणच लिहायचं. नाहीतर तेही मुकंच राहणार.

पर्यावरणाची काळजी वाटणाऱ्यांना एक सांगतो. इथे नवं प्लास्टिक विकत घ्या असं कुणी म्हणत नाही. जे घरात पडलेलं आहे, त्यातली एखादी वस्तू जपायची, एवढंच.

आपल्या भागाला हे जास्त का कळायला पाहिजे

३० सप्टेंबर १९९३. आपल्याकडे ही तारीख कुणाला समजावून सांगावी लागत नाही. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद, ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ऊन-थंडी अडवली, तीच घरं अंगावर आली. बावन्न गावं उठून नव्या जागी वसली.

माणसांच्या दुःखापुढे वस्तूंचं बोलणं लहान वाटतं आणि तसं वाटणं बरोबरच आहे. त्या दिवसांत उतरंड, काठवट, कणगी, जातं, देवघरातली समई, भिंतीतल्या कोनाड्यातल्या बाहुल्या यांची यादी करायला कुणाला उसंत असणार? पण आज तीस वर्षांनंतर नव्या गावातल्या शाळेत शिकणारं लेकरू विचारतं, आमचं जुनं घर आतून कसं होतं? आजोबा लहानपणी कशाने खेळायचे? तेव्हा सांगणारे हात हवेत फिरतात. दाखवायला वस्तू नसते.

पुण्यातल्या वाड्यांतल्या वस्तू मोडीत हळूहळू गेल्या, म्हणून केळकरांना पंचावन्न वर्षं मिळाली. आपल्याकडे कितीतरी घरांना एक मिनिटही मिळालं नाही. म्हणून वाटतं, साध्या वस्तू वेळेत जपण्याचं महत्त्व लातूरच्या शिक्षकाला जेवढं कळू शकतं, तेवढं दुसऱ्या कुणाला क्वचितच कळेल.

वर्गात काय करता येईल?

१. एक वस्तू, एक चिठ्ठी. प्रत्येक मुलाने घरातलं एक जुनं खेळणं किंवा वापरातली जुनी वस्तू एका दिवसासाठी आणायची. चिठ्ठीवर पाच गोष्टी लिहायच्या : घरात तिला काय म्हणतात, कशाची आहे, साधारण कधीची, कुणी वापरली, कुठून आली. पुस्तकी शब्दापेक्षा आजीचा शब्द आधी लिहायचा. काठवट, शिप्तर, दुरडी हे शब्द वस्तूंबरोबरच चालले आहेत.

२. वस्तू परत द्यायची. वर्गाचं संग्रहालय एका दिवसाचं असावं. फोटो आणि चिठ्ठ्या वहीत ठेवा, वस्तू त्याच संध्याकाळी घरी जाऊ द्या. ती त्या घराची आहे.

३. सांधा शोधा. पाच-सहा प्लास्टिकची खेळणी घेऊन मुलांना साच्याची रेघ शोधायला लावा. मग शाडूच्या मातीने दोन वाट्यांचा साचा करून एक बाहुली काढून बघा. माती साच्याला चिकटू नये म्हणून आतून कोरडी राख शिंपडा.

४. न विकत घेतलेली खेळणी. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, पोळ्याचे मातीचे बैल, चिंचोके, सागरगोटे. आजी-आजोबांना शाळेत बोलावून ती मुलांसमोर करवून घ्या. करतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. धाट टिकत नाही, कृती टिकते.

५. प्लास्टिक कसं जपायचं. उन्हात ठेवू नका, ते ठिसूळ होतं आणि रंग उडतो. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या बंद पिशवीत चिकट होतात, त्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. खोक्याला रबर लावू नका, ते वितळून डाग पडतात. सुती दोरा बांधा.

६. एक सावधगिरी. शेतात, टेकाडावर नाणं, मणी, मूर्ती असं काही जुनं सापडलं तर ते घरी ठेवायचं नाही, विकायचं तर मुळीच नाही. तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व विभागाला कळवायचं. कायदा तसं सांगतो, आणि लेकरांना हे लहानपणीच सांगितलेलं बरं.

७. सहलीचा मार्ग. पुढच्या वर्षी पुणे ठरलं तर केळकर संग्रहालयाला दोन तास ठेवा. जमत नसेल तर तेर आहेच. गोरोबाकाकांचं दर्शन घ्या आणि तिथूनच लामतुरे संग्रहालयात जा.

चर्चेसाठी प्रश्न : केळकरांनी संग्रहाला मुलाचं नाव का दिलं असेल? आज आपण फेकतो अशी कुठली वस्तू शंभर वर्षांनी लोक रांग लावून बघतील? संग्रह स्वतःकडे ठेवणं आणि सर्वांना देणं, यात तुम्ही काय केलं असतं?

दिनकर केळकर राजे नव्हते, जहागीरदार नव्हते. चष्म्याचं दुकान चालवणारे कवी होते. त्यांनी लोकांच्या मोडीत निघालेल्या वस्तू उचलल्या, पुसल्या, मांडल्या आणि शेवटी लोकांनाच परत दिल्या. एवढं करायला फार मोठं काही लागत नाही. एक फळी लागते, थोड्या चिठ्ठ्या लागतात आणि भंगारवाल्याच्या आधी पोचावं लागतं. तुमच्या शाळेतल्या फळीवर पहिली वस्तू कुठली येते, ते मुलांनाच ठरवू द्या.